थंडा पाचव्या शीलात बसतो का

दादाला लिव्हरचा तुकडा हवा होता आणि तो माझ्यातून काढायचं ठरलं होतं. वहिनींचा रक्तगट जुळला नाही, आईचं वय डॉक्टरांना चाललं नाही, तेव्हा उरले मी, त्याची एकुलती एक धाकटी बहीण. तपासण्यांना गेले तेव्हा, खरं सांगते, मी जरा ऐटीतच होते. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणतील, हेसुद्धा मनात येऊन गेलं होतं. मुंबईच्या त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माझी ऐट उतरवली.

"तुमच्या स्वतःच्याच लिव्हरमध्ये चरबी आहे," त्या म्हणाल्या. "असं लिव्हर आम्ही घेत नाही. ते तुम्हालाही धोक्याचं आणि त्यांनाही. आठ आठवडे देते. कोल्ड्रिंक, वडापाव, चायनीज, बेकरीचं, सगळं बंद. रोज तासभर चालायचं. चरबी उतरली तर पुढे जाऊ."

"आणि नाही उतरली तर?"

"तर दुसरं कोणीतरी शोधावं लागेल. आणि भावाकडे फार वेळ नाही."

दुसरं कोणी नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला तर होतंच. मी मान डोलावली, फाइल छातीशी धरून खाली उतरले, रस्ता ओलांडला, समोरच्या टपरीवर काळा थंडा घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. बाटली रिकामी झाल्यावर लक्षात आलं की मी काय केलंय. टपरीवाल्याकडे मी अशा रागाने पाहिलं की जणू त्यानेच तो माझ्या घशात ओतला होता. बिचाऱ्याने विचारलं, "और एक दूं क्या?"

आमच्या घरात थंड्याला काय मान होता हे सांगितल्याशिवाय हा वेडेपणा कळायचा नाही. आमचं घर बौद्ध. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, आता ते नाहीत. पंचशीलातलं पाचवं शील, म्हणजे दारू आणि नशेपासून लांब राहायचं ते, त्यांनी जेवढं कडक पाळलं तेवढं दुसरं कुठलंच पाळलं नसेल. खोटं बोलू नये हे चौथं तर ते सोयीने पाळायचे. नको असलेला पाहुणा दारात आला की आतून आम्हालाच सांगायला लावायचे, पप्पा घरी नाहीत. पण दारूचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांचे वडील दारूत गेले होते. ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याबद्दल ते आमच्याशी एकदाही बोलले नाहीत.

लग्नकार्यात पुरुषमाणसं हळूच मांडवामागे गायब होतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून आमच्याकडच्या कार्यात ते मांडवाच्या तोंडाशीच एक मोठा टब ठेवायचे, त्यात बर्फाची लादी आणि वर खच्चून थंड्याच्या बाटल्या. "आमच्याकडे थंडा असतो," असं छाती काढून सांगायचे. पाहुणा आला, थंडा. निकाल लागला, थंडा. जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून घसा बसला, थंडा. पोट बिघडलं तर चिमूटभर मीठ टाकून, फेस जाऊ दिलेला थंडा. कोणी दारू सोडली की वडील त्याला हाताला धरून घरी आणायचे आणि सगळ्यांसमोर थंडा पाजायचे. थंड्याबरोबर फरसाण, वेफर्स, सामोसे हे ओघाने आलंच. आम्हाला ते खाणंपिणं वाटतच नव्हतं. आम्ही चांगल्या घरातले आहोत याचा तो पुरावा होता.

त्यामुळे दादाचं लिव्हर खराब झालं तेव्हा आईला जगात तोंड दाखवणं कठीण झालं. माहेरी, बेलवलीत, जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, आवाज खाली आणून विचारलेला, "घेत होता का?" आई चवताळून उठायची. "माझ्या पोरानं थेंबाला हात लावला नाही कधी!" आणि ते अगदी खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं की साखर आणि चरबीनेही लिव्हर असंच कडक होत जातं, वर्षानुवर्षं, दारूचा थेंब न घेता. आईने सगळं मन लावून ऐकलं. मग ती म्हणाली, "पण बाई, थंडा तर पाचव्या शीलात येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही मॅडम, आमचं घरातलं आहे."

तेव्हा मला हसू आलं होतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. पुढच्याच रविवारी मी विहारात गेले. सगळ्यांबरोबर वंदना म्हटली, शीलं घेतली आणि पाचव्याशी आल्यावर मनातल्या मनात थंडाही त्यात घालून टाकला. वडापाव आणि चायनीज घालावं की नाही, यावर अडले. तेवढ्यात बाकीचे पुढे गेले आणि माझं अर्धवट राहिलं. तरी घरी येताना हलकं वाटलं. दारूपासून माणसं शीलाच्या जोरावर लांब राहतात, तर मी थंड्यापासून का नाही राहणार?

मंगळवारी मोडलं.

मी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात तयार माल तपासते. शिलाई उसवलीय का, चेन अडकते का, लोंबणारे धागे कापले का, ते बघायचं. दुपारी चारच्या सुमाराला इस्त्रीच्या वाफेने हवा इतकी जड होते की श्वासाबरोबर कापडाची निळी धूळ आत जाते. त्या दिवशी मोठी ऑर्डर निघाली म्हणून सेठने सगळ्यांना थंडा मागवला. आमचे सेठ सिंधी, वयस्कर, मला बेटी म्हणतात. मी हात हलवून नको म्हटलं तर ते दुखावले. "ठंडे को ना नहीं बोलते, बेटी. माल अच्छा गया है." बाटलीवर पाण्याचे थेंब जमले होते. मी म्हटलं, एक घोट, सेठचं मन राखायला. सेठचं मन राखायला मी ती पूर्ण बाटली प्यायले आणि शेजारच्या बाईने अर्धी ठेवलेली, तीही.

आयुष्यात पाचवं शील मोडण्याची माझी ती पहिली वेळ. म्हणजे मोडलं की नाही, तेही मला कळेना, कारण थंडा शीलात मीच घुसवला होता आणि कोणाला विचारलंही नव्हतं. न राहवून मी आईला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती भाजी निवडत होती, तिने हात थांबवला.

"तुझ्या पप्पांनी दारू उंबऱ्याबाहेर ठेवली," ती म्हणाली. "मला वाटलं घर वाचलं. मी दोघांना लहानपणी ताटापेक्षा जास्त बाटलीच दिली गं." आणि ती रडायला लागली. मी तिची समजूत काढत बसले. माझं काय करायचं ते तसंच राहिलं.

त्यानंतरचे दोन आठवडे फार वाईट गेले. मी सोनिवलीला नव्या बिल्डिंगीत राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच चायनीजची गाडी लागते. संध्याकाळी तिथली कढई तापली की शेजवान सॉसचा वास तिसऱ्या मजल्यावर येतो. मी खिडक्या लावून घ्यायची. नवरा म्हणायचा, "गरम होतंय, उघड की." मग आमचं भांडण. भांडणानंतर मी चालायला म्हणून खाली उतरायची, कारण तासभर चालायचं होतं ना, आणि तीनदा तरी चालता चालता त्या गाडीपाशीच पोचले. चायनीज भेळ घेतली, वर थंडा घेतला आणि बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीशी उभी राहून खाल्लं. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, टाकीच्या आडोशाला उभी राहून चोरून भेळ खातेय. आधी मला माझंच हसू आलं, मग शरम वाटली, मग दोन्ही गेलं आणि मी नुसती खात राहिले.

रोज दुपारी वहिनींचा फोन यायचा. "ताई, आज काय काय खाल्लंत?" आवाज गोड, पण माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझं पोट आता माझं राहिलं नव्हतं, वहिनींच्या ताब्यात गेलं होतं. मी खोटं सांगायची, "भाकरी, पालेभाजी, ताक." त्या म्हणायच्या, "बरं झालं." ते "बरं झालं" म्हणताना त्यांचा श्वास सुटलेला ऐकू यायचा. नवऱ्याचा जीव माझ्या ताटात अडकलेला, त्यांनी विचारायचं नाही तर कोणी विचारायचं? हे मला समजत होतं आणि तरी राग येतच होता.

एकदा फोन ठेवला आणि मी सरळ कारखान्याच्या दाराशी जाऊन थंडा घेतला. झाकण फिरवता फिरवता माझा हात थांबला. कालही असंच झालं होतं, परवाही. मला भूक नव्हती, तहान नव्हती, उकडतही नव्हतं. हॉस्पिटलातून फोन आला की मला थंडा लागत होता. वहिनींचा फोन आला की लागत होता. नवरा संमतीच्या कागदांबद्दल काही बोलला की लागत होता. मग मला एक विचार सुचला आणि तो इतका घाण होता की मी तिथल्या पायरीवर बसलेच. चरबी उतरली नाही, तर डॉक्टरच नाही म्हणतील. मला नाही म्हणावं लागणार नाही. कोणी मला नावं ठेवणार नाही. उलट, बिचारीने खूप प्रयत्न केले, असंच म्हणतील.

म्हणजे हे जिभेचे चोचले होते की मी दादाला मारत होते?

त्या दिवसापासून माझा पार गोंधळ उडाला. प्रत्येक वेळी तोंडाला पाणी सुटलं की मी स्वतःला विचारायची, हे तुला हवंय, की तुला ते ऑपरेशन नकोय? कधी वाटायचं, छे, मी थंडा चौथीपासून पितेय, तेव्हा कुठे दादा आजारी होता. कधी वाटायचं, मी आतून फारच कोत्या मनाची बाई आहे आणि थंड्याने ते एवढी वर्षं झाकून ठेवलं. मला भीती वाटत होती हे तर खरंच. पोट उघडणार, आतला मोठा तुकडा कापून घेणार. डॉक्टर म्हणतात तो परत वाढतो. वाढत असेल. पण माझ्या पोटात काय चाललंय ते डॉक्टरांनाच जास्त कळतं, यानेच मला घाबरायला झालं होतं.

रविवारी मी दादाकडे गेले. त्याचे हात काडीसारखे झाले होते आणि पोट पाण्याने फुगलं होतं, डोळे पिवळे. सारखी खाज सुटायची म्हणून हातात कंगवा घेऊन बसलेला. त्याचं मीठ बंद होतं, म्हणजे त्याची अवस्था माझ्याहून बेकार. वहिनी आत गेल्या तसा तो हळूच म्हणाला, "बाय, वडापाव कसा लागतो ते सांग ना जरा."

"तुला काय माहीत नाही?"

"विसरलो. सांग."

मग मी सांगितलं. पाव मधून फाडला की आतली वाफ, आधी हिरवी चटणी, मग ती लाल सुकी चटणी, वड्याचं कुरकुरीत कवच, तळलेली मिरची मिठात घोळवलेली. मिठाचं नाव काढल्यावर त्याने डोळेच मिटले. "बस, बस," म्हणाला, "आता थंडा पाज." मी तोंडाने बाटली उघडल्याचा आवाज काढला. तो हसला, हसताना दुखलं म्हणून पोट धरलं आणि तरी हसत राहिला. मला त्याच्यावर एवढी माया आली की तिथल्या तिथे कापून दिलं असतं. आणि घरी येताना रिक्षात पुन्हा वाटलं, नकोच. दोन्ही खरं होतं. त्यातलं जास्त खरं कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही.

चौथ्या आठवड्यात मी सेठना खरं कारण सांगितलं. "सेठ, भाई को लिवर देना है. इसलिए ठंडा बंद है." त्यांनी बाहेर ओरडून भाजलेला पापड आणि पाणी मागवलं. "हमारे में कोई भी आए, पहले पापड़-पानी. ठंडा तो बाद में आया," म्हणाले आणि माझ्याबरोबर स्वतःही पापड मोडून खाल्ला. तेव्हापासून चार वाजले की माझ्यासाठी पापड-पाणी यायला लागलं. गल्लीच्या तोंडाकडून जाणं मी सोडलं, मागच्या बाजूने, मातीच्या रस्त्याने चालायला लागले. वहिनींना एकदा फोनवर सगळं खरं सांगून टाकलं, टाकीच्या आडोशासकट. मला वाटलं त्या तोडून बोलतील. त्या म्हणाल्या, "ताई, मी तर दोन महिने झाले, रोज गुपचूप जिलेबी खातेय." त्यानंतर त्यांनी ताटाची चौकशी करणं बंद केलं.

मी काही लढून जिंकले नाही. कधी सुटलं तेही माहीत नाही. सहाव्या आठवड्यात एकदा माल तपासता तपासता घड्याळ पाहिलं तर पाच वाजून गेले होते आणि मला थंड्याची आठवणही झाली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. पण मला धडकीच भरली. आता वजन उतरत होतं, सलवारीची नाडी आवळावी लागत होती, आणि मला लपायला जागा उरली नव्हती. इतके दिवस मी तल्लफेशी भांडत होते. ती गेली आणि भीती तेवढी घरात राहिली.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडदा वळवला, चरबी पुष्कळ उतरली होती. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "आता आमच्या समुपदेशक बाईंशी बोला. एकट्याच."

त्या बाई माझ्याच वयाच्या असतील. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या मर्जीने देताय ना? नको वाटत असेल तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की वैद्यकीय कारणामुळे जमत नाही. खरं कारण कोणालाही, कधीही कळत नाही."

म्हणजे सुटायचा रस्ता पहिल्यापासून होता. सरळ, दारातून. मी त्यासाठी टाकीमागे उभी राहून भेळ खात होते. "मला पाच मिनिटं द्या," म्हटलं आणि बाहेर आले.

बाहेर दादा व्हीलचेअरवर बसला होता. वहिनी औषधांच्या रांगेत होत्या. त्याने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विचारलं, मर्जीने देतेस का."

"मग?"

"मला कळत नाही, दादा." मी म्हटलं. "खरंच कळत नाही."

त्याने माझा हात धरला. त्याचा हात गरम आणि कोरडा होता. "मग नाही म्हण," तो म्हणाला. "मी कोणाला बोलणार नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीपण घाबरलो असतो, बाय."

तो हे अगदी मनापासून बोलत होता. मरणाच्या दारात बसून मला मोकळं करत होता. मला गहिवरून यायला हवं होतं, पण मला असा काही राग आला की मी भर व्हरांड्यात ओरडले. "महिनाभर तोंड बांधून जगले मी! ते काय आता नाही म्हणायला?"

लोक वळून बघायला लागले. ते वाक्य माझ्याच तोंडून मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढे सगळं नीट पार पडलं. दादा आता कामावर जातो, माझ्या पोटावर वण आहे. पण तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. भीती जशीच्या तशी होती. मी दार ढकलून आत गेले. बाईंनी विचारलं, "ठरलं?"

"ठरलं की नाही ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "सही कुठे करायची ते सांगा."